मी नाही त्यातला

‘मी नाही त्यातली आणि कडी लावा आतली’ अशी एक म्हण मराठीत आहे. तिचा रोख एका स्त्रीच्या शीलावर आहे, आणि अशा बहुतेक म्हणींप्रमाणे तीही पुरुषांनीच रचलेली असणार. परंतु तिचा पूर्वार्ध राजकीय छळाच्या इतिहासाला लावून पाहावा. माणसांना त्यांच्या मतांसाठी ज्या ज्या काळी छळले गेले, त्या त्या काळी छळणाऱ्याच्या प्रश्नापेक्षा प्रतिष्ठितांचे हे उत्तर अधिक विघातक ठरले आहे, असे मला वाटते. या लेखाचा विषय विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत झालेला कम्युनिस्टांचा छळ हा आहे. पण माझी तक्रार मॅकार्थीविरुद्ध कमी आणि मॅकार्थी न आवडणाऱ्या सज्जनांविरुद्ध अधिक आहे.

मॅकार्थीवादाची कथा आपल्याला नेहमी एका विशिष्ट प्रकारे सांगितली जाते. विस्कॉन्सिन राज्यातून निवडून आलेला जोसेफ मॅकार्थी नावाचा एक मद्यपी, खोटारडा सेनेटर ९ फेब्रुवारी १९५० रोजी पश्चिम व्हर्जिनियातील व्हीलिंग या गावी भाषण करतो. परराष्ट्र खात्यात ठाण मांडून बसलेल्या कम्युनिस्टांची यादी आपल्यापाशी आहे, असे तो सांगतो. त्या यादीतील आकडा दोनशे पाच होता की सत्तावन्न, याविषयी त्याचे स्वतःचेच एकमत नसते. चार वर्षे देश त्याच्या दहशतीखाली राहतो. मग १९५४ साली दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर एक वृद्ध वकील त्याला सभ्यतेविषयी प्रश्न विचारतो, सेनेट त्याचा निषेध करते, १९५७ साली तो मरतो आणि लोकशाही पुन्हा निर्वेध नांदू लागते. या कथेत एक राक्षस आहे, एक धीरोदात्त पुरुष आहे आणि शेवट गोड आहे. कथा म्हणून ती उत्तम आहे. इतिहास म्हणून मात्र ती फारशी टिकत नाही.

कारण मॅकार्थी येण्यापूर्वीच सारी यंत्रणा उभी झाली होती. मार्च १९४७मध्ये ट्रूमन यांनी सरकारी नोकरांच्या निष्ठेची तपासणी करणारा आदेश काढला. ट्रूमन डेमोक्रॅट होते आणि रूझवेल्ट यांच्या उदारमतवादी परंपरेचे वारस म्हणवत होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात महान्यायवादींच्या कार्यालयाने संशयास्पद संघटनांची यादी प्रसिद्ध केली. एखाद्या सभेला जाणे, एखाद्या निधीला दोन डॉलर देणे, एखाद्या नियतकालिकाचा वर्गणीदार असणे, या गोष्टी आता पुरावा झाल्या. त्याच वर्षीच्या टाफ्ट-हार्टली कायद्याने तर ‘मी नाही त्यातला’ हे वाक्य थेट शपथपत्रावर आणले. आपण कम्युनिस्ट पक्षाचे सभासद नाही असे कामगार संघटनांच्या पदाधिकाऱ्यांनी लिहून द्यावे. न दिल्यास त्यांच्या संघटनेला राष्ट्रीय श्रममंडळाकडे दाद मागता येणार नाही, अशी तरतूद तीत होती. मॅकार्थी या घरात नंतर राहायला आला. पाया त्याने खणलेला नव्हता.

ऑक्टोबर १९४७मध्ये प्रतिनिधिगृहाच्या अमेरिकाविरोधी कारवायांच्या चौकशी समितीने हॉलिवूडच्या लेखक-दिग्दर्शकांना वॉशिंग्टनला पाचारण केले. ‘आपण कम्युनिस्ट पक्षाचे सभासद आहात काय, किंवा पूर्वी कधी होता काय?’ हा तो प्रसिद्ध प्रश्न. दहाजणांनी उत्तर देण्याचे नाकारले. नागरिकाच्या मतांची झडती घेण्याचा अधिकार कोणत्याही समितीला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. प्रतिनिधिगृहाच्या अवमानाबद्दल त्यांना सहा महिने ते एक वर्ष अशा कैदेच्या शिक्षा झाल्या. त्यांतील दोघे कनेक्टिकटमधील डॅनबरीच्या तुरुंगात पोहोचले, तेव्हा त्यांना तिथे समितीचे माजी अध्यक्ष पार्नेल थॉमस हेही कैदी म्हणून भेटले. कचेरीत खोटे नोकर दाखवून त्यांचे पगार लाटल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली होती. इतिहासाला विनोदाचे वावडे नसते.

परंतु या दहाजणांचे खरे नुकसान तुरुंगाने केले नाही. प्रतिनिधिगृहाने त्यांच्यावर अवमानाचा ठपका ठेवला त्याच सुमारास, नोव्हेंबर १९४७मध्ये, चित्रपट कंपन्यांचे मालक न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलात जमले आणि त्यांनी एक संयुक्त पत्रक काढले. या दहांना काम मिळणार नाही आणि कोणत्याही कम्युनिस्टाला जाणूनबुजून काम दिले जाणार नाही, असे त्यात म्हटले होते. असे करावे म्हणून त्यांना कोणत्याही कायद्याने सांगितले नव्हते. धंदा टिकवण्यासाठी त्यांनी ते आपणहून केले. पुढे जून १९५०मध्ये नभोवाणी व दूरचित्रवाणी क्षेत्रातील १५१ व्यक्तींची नावे असलेली एक पुस्तिका खासगी प्रकाशकांनी काढली. जाहिरातदार, निर्माते आणि वाहिन्या तिच्यावरून नजर फिरवून माणसे घेऊ आणि गाळू लागल्या. यादीत नाव का आले याचा खुलासा कोणी करीत नसे, आणि ते काढून घेण्यासाठी कुठे अर्ज करावा हेही कोणाला ठाऊक नसे. शासनाने कोणाची भाकरी हिरावून घेतली नव्हती. ती देणाऱ्याने मात्र हात आखडता घेतला होता.

आता हम्फ्री बोगार्टकडे पाहावे. पडद्यावर तो कोणालाही न भिणारा नायक होता. या दहाजणांच्या समर्थनार्थ विमानाने वॉशिंग्टनला गेलेल्या कलावंतांत तो आणि त्याची पत्नी लॉरेन बकॉल हे अग्रभागी होते. थोड्याच दिवसांत वातावरण फिरले. ती वॉशिंग्टनवारी अविचाराची होती असे त्याने जाहीर केले, आणि १९४८ साली एका चित्रपटविषयक मासिकात त्याच्या नावाने लेख आला. लेखाचे शीर्षक होते, ‘मी कम्युनिस्ट नाही’. ते खरेच होते. बोगार्ट कधीच कम्युनिस्ट नव्हता. पण त्या शीर्षकातच पराभवाची कबुली होती. तो गेला होता माणसाला हा प्रश्न विचारता येतो काय हे विचारायला, आणि परतला त्या प्रश्नाचे उत्तर देऊन.

या उत्तराचे तीन दोष आहेत. पहिला असा की, ते प्रश्नकर्त्याचा अधिकार मान्य करते. ज्याला माझी झडती घेण्याचा अधिकारच नाही, त्याच्यापुढे मी खिसे उलटे करून दाखवले, तर ते रिकामे निघाल्याने माझी अब्रू वाचेल; पण झडती कायदेशीर होऊन बसेल. दुसरा दोष असा की, मी उत्तर दिल्यामुळे न देणारा आपोआप गुन्हेगार ठरतो. दहा निष्पाप माणसांनी खिसे उलटे केले की अकराव्याचे गप्प राहणे हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा होतो. आणि तिसरा दोष असा की, हे उत्तर देऊन उत्तर देणाराही सुटत नाही. ‘तू नाहीस ना? मग कोण आहे ते सांग,’ हा पुढचा प्रश्न तयारच असतो.

लॅरी पार्क्स या नटाची गोष्ट या तिसऱ्या दोषाचे उदाहरण आहे. पडद्यावर अल जोल्सन रंगवून तो ख्यातकीर्त झाला होता. मार्च १९५१मध्ये समितीपुढे त्याने आपण पूर्वी पक्षाचे सभासद होतो हे कबूल केले, आणि इतरांची नावे घेण्यास मला भाग पाडू नका अशी जवळजवळ याचना केली. समितीला त्याच्या पश्चात्तापात रस नव्हता. बंद दाराआड त्याच्याकडून नावे वदवून घेण्यात आली. ती नावे समितीला आधीच ठाऊक होती. नवी माहिती मिळवणे हा हेतूच नव्हता. माणसाने आपल्या मित्रांना स्वतःच्या तोंडाने विकावे, हा हेतू होता. एवढे करूनही पार्क्सचे चित्रपटजीवन जवळपास संपले. याच्या उलट नाटककार आर्थर मिलर. १९५६ साली तो समितीपुढे स्वतःविषयी मोकळेपणाने बोलला, पण दुसऱ्याचे नाव घेण्यास त्याने नकार दिला. त्याला अवमानाबद्दल दोषी ठरवण्यात आले. १९५८ साली अपिलात ती शिक्षा रद्द झाली. ‘माझ्याविषयी सांगतो, त्यांच्याविषयी नाही’ ही रेघ त्याने ओढली. ती रेघ अपुरी आहे असे मला वाटते, पण ती ओढण्यासही त्या काळात छातीचा कोट करावा लागे.

व्यक्तींना भीती वाटावी हे समजू शकते. त्यांना मुलेबाळे असतात, घराचे हप्ते असतात. संस्थांचे काय? नागरी स्वातंत्र्याचे रक्षण हेच ज्या अमेरिकन संघटनेचे ब्रीद, तिने १९४० सालीच आपल्या संस्थापकांपैकी एक असलेल्या एलिझाबेथ गर्ली फ्लिन यांना कम्युनिस्ट असल्याच्या कारणावरून कार्यकारिणीतून काढले. १९७६ साली ती चूक दुरुस्त करण्यात आली. तोवर बाईंना जाऊन बारा वर्षे झाली होती. औद्योगिक कामगारांच्या महासंघाने १९४९-५०मध्ये डाव्या नेतृत्वाखालील अकरा संघटना बाहेर काढल्या. वॉशिंग्टन विद्यापीठाने जानेवारी १९४९मध्ये कायम नोकरीत असलेल्या तीन प्राध्यापकांना बडतर्फ केले. यांपैकी प्रत्येक संस्थेला आपण स्वातंत्र्याचेच रक्षण करीत आहोत असे वाटत होते. आतली घाण आपणच काढली, तर बाहेरचा झाडूवाला येणार नाही, असा त्यांचा हिशोब होता. तो हिशोब साफ चुकला. झाडूवाला आला, आणि घरात घाण असल्याचे घरमालकानेच मान्य केले आहे, हे त्याला आयतेच सांगता आले.

या साऱ्या काळात मला सर्वांत आदर वाटतो तो एका अशा माणसाविषयी, ज्याला कम्युनिस्टांविषयी यत्किंचितही प्रेम नव्हते. अर्न्स्ट कान्टोरोव्हिच हा मध्ययुगाचा इतिहासकार, जन्माने जर्मन ज्यू, वृत्तीने पुराणमतवादी. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत डाव्यांचे उठाव झाले, तेव्हा ते मोडण्यासाठी त्याने प्रत्यक्ष बंदूक हाती घेतली होती. नाझी राजवटीतून निसटून तो कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलीला, आला. १९४९ साली त्या विद्यापीठाच्या नियामक मंडळाने अध्यापकांना कम्युनिस्टविरोधी शपथ घेण्याचे फर्मान काढले. ती घेण्यास कान्टोरोव्हिचइतका लायक उमेदवार शोधून सापडला नसता; त्याने तर गोळ्या झाडून आपली निष्ठा सिद्ध केली होती. त्याने सही केली नाही. आपण तेव्हा उचललेल्या बंदुकीने, मनात नसताना, नाझींचाच रस्ता मोकळा केला, असे त्याने जाहीरपणे लिहिले. आणि भाकरीची भीती दाखवून प्राध्यापकाकडून घेतलेली शपथ त्याच्या पेशाचाच अपमान करते, अशी भूमिका मांडली. ऑगस्ट १९५०मध्ये सही न करणाऱ्या एकतीस अध्यापकांना काढण्यात आले. १९५२ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने न सही करणाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. ‘मी नाही त्यातला’ असे शंभर टक्के खरेपणाने म्हणण्याचा अधिकार असलेल्या माणसाने ते म्हणण्याचे नाकारले. स्वातंत्र्याचे खरे रक्षण या नकारात झाले.

आता त्या गोड शेवटाकडे वळू. ९ जून १९५४ रोजी सैन्यदलाचे वकील जोसेफ वेल्च यांनी मॅकार्थीला, तुझ्यात सभ्यतेचा काही अंश उरला आहे की नाही, असे विचारले आणि सभागृहात टाळ्या पडल्या. प्रसंग नाट्यमय होता यात शंका नाही. पण तो नीट वाचावा. वेल्च यांच्या कार्यालयातील एक तरुण वकील पूर्वी डाव्या समजल्या जाणाऱ्या वकिलांच्या संघटनेचा सभासद होता, असे मॅकार्थीने म्हटले होते. हे कळताच वेल्च यांनी त्या तरुणाला आधीच बोस्टनला परत पाठवले होते, आणि त्याच्या बचावात ते सांगत होते की, तो तर आता तरुण रिपब्लिकनांच्या मंडळात काम करतो. म्हणजे तो त्यातला नाही. तो त्यातला असता, तर वेल्च यांचा कंठ दाटून आला असता काय? डिसेंबर १९५४मध्ये सेनेटने सदुसष्ट विरुद्ध बावीस मतांनी मॅकार्थीचा निषेध केला, तोही उद्ध्वस्त झालेल्या शिक्षकांसाठी, कारकुनांसाठी किंवा नटांसाठी नव्हे. सेनेटच्याच समित्यांशी त्याने केलेल्या उद्धट वर्तनासाठी. आणि या दोन प्रसंगांच्या मध्ये, ऑगस्ट १९५४मध्ये, कम्युनिस्ट पक्षाला बेकायदा ठरवू पाहणारा कायदा सेनेटने एकही विरोधी मत न पडता संमत केला. त्याचा पुरस्कार करण्यात अग्रेसर होते उदारमतवाद्यांचे लाडके ह्युबर्ट हम्फ्री. आम्ही कम्युनिस्टांविषयी मवाळ नाही, हे त्यांना सिद्ध करायचे होते. मॅकार्थी पडला आणि मॅकार्थीवाद सर्वानुमते कायद्यात जाऊन बसला.

या ठिकाणी एक आक्षेप येईल, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सोव्हिएत हेर खरेच होते. अणुबाँबची माहिती पुरवल्याची क्लाउस फुक्सची कबुली १९५०चीच आहे. अमेरिकन तज्ज्ञांनी उकललेले सोव्हिएत तारसंदेश १९९५ साली प्रसिद्ध झाले, आणि ज्यांना आपण निव्वळ बळी समजत होतो त्यांतील काहीजण खरोखर हेरगिरी करीत होते हे उघड झाले. स्टालिनच्या रशियात काय चालले होते हेही आज कोणी नाकारू शकत नाही. हे सर्व मान्य. परंतु हेर पकडले ते सांकेतिक लिपी उकलणाऱ्यांनी आणि गुप्तचरांनी. पटकथालेखकांना ओरडून प्रश्न विचारणाऱ्या समित्यांनी नव्हे. हेरगिरी हे कृत्य आहे. त्यासाठी कायदा आहे, न्यायालय आहे, पुरावा आहे. मत हे कृत्य नव्हे. कृत्याच्या भयाने मताला शिक्षा करणे ही छळाची जुनी युक्ती आहे, आणि भय खरे असले म्हणून ती युक्ती न्याय्य होत नाही.

डाव्यांनीही या बाबतीत टेंभा मिरवू नये. राजद्रोही विचारांना शिक्षा करणारा स्मिथ कायदा अमेरिकेत १९४० साली झाला. त्याखाली १९४१ साली पहिल्यांदा शिक्षा झाली ती मिनियापोलिसच्या ट्रॉट्स्कीवादी कामगारनेत्यांना, आणि अमेरिकन कम्युनिस्ट पक्षाने त्या खटल्याला पाठिंबा दिला. ते ‘आपल्यातले’ नव्हते ना! आठ वर्षांनी, १९४९मध्ये, त्याच कायद्याखाली त्याच पक्षाचे अकरा नेते दोषी ठरले. पूर्व युरोपात तर आपल्याच माणसांना फासावर देण्याची स्पर्धा लागली होती. १९५२च्या प्रागमधील खटल्यात चौदा आरोपींपैकी अकराजणांना फाशी झाली. आपल्याकडे पश्चिम बंगालच्या डाव्या आघाडीच्या सरकारने २००३ साली तसलिमा नसरीन यांच्या पुस्तकावर बंदी घातली आणि २००७ साली त्यांना कोलकाता सोडावे लागले, तेव्हा स्वातंत्र्याचे किती पुजारी मौनात गेले हे आपण पाहिले आहे. ‘मी नाही त्यातला’ ही कोणत्या एका पक्षाची मिरास नव्हे.

हॉलिवूडवर हे गंडांतर आले त्याच काळात मुंबईच्या चित्रपटसृष्टीतही कम्युनिस्टांची धरपकड चालू होती. बलराज साहनी तुरुंगात गेले. मजरूह सुलतानपुरी यांनी नेहरूंवर टीका करणारी कविता म्हटली, माफी मागण्यास नकार दिला आणि तेही तुरुंगात गेले. नव्या स्वतंत्र देशाचे हे वर्तन क्षम्य होते असे मी म्हणणार नाही. पण एक भेद पाहण्यासारखा आहे. साहनींना ‘हलचल’ या चित्रपटात काम होते. निर्मात्याने सरकारदरबारी खटपट केली, आणि हा कैदी चित्रीकरणासाठी तुरुंगातून स्टुडिओत आणि स्टुडिओतून तुरुंगात अशा खेपा घालू लागला. त्याची भूमिकाही जेलरची होती. मजरूह सुटून आले आणि पुढे जवळजवळ अर्धशतक गाणी लिहीत राहिले. तिकडे डाल्टन ट्रम्बो शिक्षा भोगून सुटला, तरी त्याला दुसऱ्याच्या नावाने लिहावे लागले. टोपणनावाने लिहिलेल्या त्याच्या कथेला १९५७ साली ऑस्कर मिळाले आणि ते घ्यायला त्याला पुढे येता आले नाही. त्याचे स्वतःचे नाव पडद्यावर परतण्यास १९६० साल उजाडले. सरकार दोन्हीकडे निर्दय होते. फरक होता तो शेजाऱ्यांत. मुंबईच्या निर्मात्यांनी तुरुंगातल्या माणसाला आपला म्हटले. हॉलिवूडच्या निर्मात्यांनी मोकळ्या माणसालाही परका केले. छळ पूर्ण होतो तो शेजाऱ्याच्या सहकार्याने, आणि शेजाऱ्याने ठरवले तर तो अर्धवट राहतो.

पॉल रोबसन या थोर कृष्णवर्णीय गायकाचे पारपत्र १९५० साली अमेरिकेने काढून घेतले. आठ वर्षे त्याला परदेशी जाता आले नाही. १९५७ साली लंडनच्या श्रोत्यांसाठी तो समुद्राखालच्या दूरध्वनी-तारेवरून गायला. एप्रिल १९५८मध्ये त्याची साठी आली, तेव्हा भारतात ती साजरी करण्यासाठी समिती झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला हे तिचे अध्यक्ष झाले. अमेरिकन वकिलातीने नापसंती कळवली, समारंभ झालाच. छागला काही कम्युनिस्ट नव्हते. म्हणूनच त्यांच्या अध्यक्षपदाला मोल होते. त्यातला नसलेला माणूस त्यातल्याच्या शेजारी जाऊन बसला, आणि आपण त्यातला नाही हे सांगण्याची त्याला गरज वाटली नाही.

आपल्या साहित्यजगताचीही एक परीक्षा झाली होती. १९७५ साली, आणीबाणीत, कराडचे साहित्य संमेलन भरले. स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. दुर्गाबाई भागवत अध्यक्षस्थानी होत्या. जयप्रकाशांच्या पक्षाशी वा संघटनेशी त्यांचा संबंध नव्हता. ‘मी राजकारणातली नव्हे’ असे म्हणून त्यांना लोककथांवर सुंदर भाषण करता आले असते. त्यांनी मंत्र्याच्या देखत जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. १९७६ साली त्यांना अटक झाली. आरंभी सांगितलेली म्हण बायकांच्या नावाने आहे. तिला सर्वांत सडेतोड उत्तरही मराठीत एका बाईनेच दिले, हे नोंदवून ठेवायला हवे.

हा सारा इतिहास झाला, असे म्हणून पुस्तक मिटता आले असते तर बरे झाले असते. परंतु मॅकार्थीचा उजवा हात असलेला रॉय कोन हा वकील पुढे, १९७३पासून, डोनाल्ड ट्रम्प यांचा वकील आणि गुरू झाला. कधीही माफी मागायची नाही आणि आरोपाला दुप्पट आरोपाने उत्तर द्यायचे, ही त्याची शिकवण होती. मार्च २०२५मध्ये कोलंबिया विद्यापीठातील पॅलेस्टाइनविषयक आंदोलनात पुढे असलेल्या एका विद्यार्थ्याला, तो कायम वास्तव्याचा परवानाधारक असताना, अटक झाली. त्याच्यावर कोणत्याही गुन्ह्याचा आरोप नव्हता. आधार घेतला होता तो १९५२च्या, ट्रूमन यांचा नकाराधिकार डावलून संमत झालेल्या, परकीयांविषयीच्या कायद्याचा आणि त्यात पुढे घातलेल्या एका कलमाचा. त्याच वसंतात अध्यक्षांनी नावडत्या वकीलसंस्थांविरुद्ध आदेश काढले. नऊ बड्या संस्थांनी तडजोड करून कोट्यवधी डॉलरांचे काम फुकट करून देण्याचे मान्य केले. चार संस्था न्यायालयात गेल्या आणि चारही खालच्या न्यायालयांत जिंकल्या. कायदा जाणणाऱ्यांतही भीतीचे प्रमाण हे असे!

त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी उभे असलेले, भारतीय वंशाचे जोहरान ममदानी यांना अध्यक्षांनी कम्युनिस्ट म्हटले. त्यांचे नागरिकत्व काढून घ्यावे अशी मागणी काँग्रेसच्या एका सदस्याने केली. दूरचित्रवाणीवर त्यांना विचारण्यात आले, आपण कम्युनिस्ट आहात काय? ते म्हणाले, नाही. उत्तर खरे होते; ते स्वतःला लोकशाही समाजवादी म्हणवतात, आणि मतदारांनी त्यांना निवडूनही दिले. उमेदवाराने दुसरे काय उत्तर द्यावे, हे मीही सांगू शकत नाही. पण अठ्ठ्याहत्तर वर्षांनंतर तोच प्रश्न त्याच सहजतेने विचारला जातो, आणि विचारणाऱ्याला संकोच वाटत नाही, ही गोष्ट अस्वस्थ करणारी आहे.

आणि आपल्याकडे? ‘अर्बन नक्षल’ हा शब्द २०१८पासून आपल्या सार्वजनिक भाषेत स्थिरावला आहे. नक्षलवादी हिंसा काल्पनिक नाही. गडचिरोलीत पोलीस मेले आहेत, आदिवासी मेले आहेत. त्या हिंसेला शासन व्हायलाच हवे. पण जेथे हिंसा हा आरोप नसून ओळखपाळख, पत्रव्यवहार आणि कपाटातील पुस्तके याच गोष्टी चर्चेत येतात, तेथे आपण वॉशिंग्टनच्या त्या समितीच्या दालनात पोहोचलेले असतो. चौऱ्याऐंशी वर्षांचे स्टॅन स्वामी कंपवाताने ग्रासलेले होते; पाणी पिण्यासाठी नळीचा पेला मिळावा म्हणून त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. आरोपनिश्चिती होण्यापूर्वीच ५ जुलै २०२१ रोजी ते मुंबईत कोठडीतच मरण पावले. त्यांच्या बाजूने लिहिणारेही आधी एक वाक्य लिहीत: ‘मी त्यांच्या विचारांशी सहमत नाही, पण...’ हे वाक्य कोणासाठी असते? स्वामींना त्याचा उपयोग नव्हता. ते लिहिणाऱ्याचे शपथपत्र असते.

जुलै २०२५मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. कडव्या डाव्या विचारसरणीच्या संघटनांना, आणि ‘तत्सम’ संघटनांना, आवर घालणे हा त्याचा सांगितलेला हेतू. सरकारविरुद्ध बोलणाऱ्यांवर त्याचा वापर होणार नाही, असे आश्वासन देण्यात आले. ते प्रामाणिक असेलही. पण कायदा आश्वासन देणाऱ्याच्या पदापेक्षा दीर्घायुषी असतो. आज सत्तेवर असलेल्यांतील अनेकांनी, किंवा त्यांच्या वडिलधाऱ्यांनी, १९७५ साली आपल्या संघटनेवरची बंदी आणि तुरुंग दोन्ही सोसले आहेत. ‘तत्सम’ या शब्दाला कोणताही रंग नसतो, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? मिनियापोलिसच्या खटल्यात टाळ्या वाजवणाऱ्यांनाही तो तेव्हा ठाऊक नव्हता.

तेव्हा करायचे काय? मी कोणाला हुतात्मा व्हायला सांगत नाही. तसा अधिकार मला नाही. मागणी लहान आहे. कोणावर त्याच्या मतासाठी बोट रोखले गेले, तर त्याच्या बचावाची सुरुवात ‘तो त्यातला नाही’ या वाक्याने करू नये. तो त्यातला असेल, असू दे. त्याने कोणते कृत्य केले, त्याचा पुरावा काय आणि तो कोणत्या न्यायालयात तपासला गेला, एवढेच विचारावे. आणि आपल्याला विचारले, तर आपण त्यातले नसलो तरी क्षणभर थांबावे. आपल्या उत्तराने आपण सुटू. पण आपल्या मागे रांगेत उभा असलेला माणूस त्याच क्षणी एकटा पडेल. बर्कलीच्या त्या इतिहासकाराने एवढाच विचार केला आणि लेखणी खाली ठेवली.

म्हणीचा उत्तरार्ध मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. ‘मी नाही त्यातला’ असे म्हटल्यानंतर माणूस घरात जातो आणि दाराला कडी घालतो. ती कडी सरकार घालीत नाही. ती आतून असते, आणि काढायचीही आतूनच.